गोदामातली घरभरणी

१४ ऑक्टोबर

दसऱ्याला घरभरणी झाली. आलेल्या प्रत्येक माणसाने बुंदीचा लाडू तोंडात टाकला आणि एकच प्रश्न विचारला, "बाई, प्लास्टर कधी करता?" भिंत मुद्दाम अशी ठेवली आहे, विटा दिसल्याच पाहिजेत, हे मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलाच ते खोटं वाटायला लागलं. हिंमतराव आडत्यांनी तर मला बाजूला घेतलं. "लाजू नका बाई. अडचण असन तर सांगा, माहा मिस्त्री पाठवून देतो." आयुष्यभर मी मुलांना 'नीटनेटकेपणा' या विषयावर निबंध लिहायला लावला. आता हेडमास्तरीणबाईंच्याच घराच्या विटा उघड्या!

मग हिंमतराव प्रेमने पाठवलेल्या बीन बॅगवर बसले. त्यांना उठवायला दोन माणसं लागली.

घर म्हणजे नांदुऱ्यातल्या बंद पडलेल्या जिनिंगचं कापसाचं गोदाम. खाली वाहेदभाई आणि सायराचं गादी-रजईचं दुकान, वरचा मजला माझा. माझा मुलगा प्रेम पुण्यात लोकांची घरं सजवून देतो. त्याने याचं लॉफ्ट केलं. म्हणजे खोल्या नाहीत, दारं नाहीत, एकच लांबलचक हॉल, डोक्यावर लोखंडी गर्डर आणि एका टोकाला लोखंडी जिना चढून माळा. आमच्याकडे अशा माळ्यावर कुटार, म्हणजे गुरांचं भुसकट ठेवतात. मी झोपते.

वडनेरहून कुणी आलं नाही. दीर भाऊराव नाही, जाऊ कोकिळा नाही, आणि हेही नाहीत. गल्लीत आणि शाळेतल्या बायकांकडे मी दारोदार जाऊन कुंकू-अक्षता देऊन आवतण दिलं होतं. घरच्यांना काय आवतण द्यायचं? दसऱ्याला आहे, एवढं फोनवर सांगितलं होतं. पण यांचं आधीपासूनच तोंड वाकडं. "कापूस ठेवाची जागा होय ते. माणसानं राहाव नाही तठी." निवृत्त झाल्यावर मी म्हटलं होतं, इतकी वर्षं सगळ्यांच्या घरात राहिले, आता मले माझं घर पाहिजे. आमचे हे, किसनराव, म्हणाले, "तू हो पुढं." मी झाले पुढे. ते वडनेरलाच राहिले.

डायरीत तरी खरं लिहावं. हे पडदे, हे दिवे, सगळं एका माणसासाठी चाललं आहे. घर असं करीन की एकदा आले की त्यांचा पाय निघणार नाही. नाही आले तर या वयात नवरा सोडून गोदामात राहायला गेलेली बाई म्हणून माझं नाव होईल. वडनेरात ते झालंच आहे म्हणे.

१८ ऑक्टोबर

प्रेमचा फोन. फोटो पाहिले त्याने. म्हणाला, "आई, सगळं छान आहे, पण घर वॉर्म वाटत नाहीये."

वरून पत्रा, खाली मी, मध्ये ऑक्टोबर. पाठीला घामोळं उठलं आहे. अजून किती वॉर्म पाहिजे रे बाबा?

तो म्हणाला, तसं नाही. लिव्ड-इन वाटलं पाहिजे. म्हणजे तिथे कुणीतरी राहतं असं वाटलं पाहिजे. मी म्हटलं, मी राहतेच आहे. तो म्हणाला, "हो, पण तसं वाटत नाही."

फोन ठेवल्यावर आरशात पाहून आले. आहे मी.

२३ ऑक्टोबर

नवीन गृहपाठ. सोफ्यावर शाल टाकायची, पण घडी घालून नाही. अशी टाकायची की कुणीतरी आत्ताच ती पांघरून बसलं होतं आणि चहा ठेवायला उठलं. सकाळपासून मी शाल टाकते आहे. एकदा टाकली तर धुणं वाळत घातल्यासारखी दिसली. दुसऱ्यांदा टाकली तर खाली काहीतरी लपवलं आहे असं वाटलं. तिसऱ्यांदा जमलं, पण मी पाणी पिऊन येईपर्यंत माझ्याच हातांनी तिची चौकोनी घडी घालून ठेवली होती. सवय जात नाही.

कुणी बसलंच नाही तर आत्ताच उठून गेल्यासारखं कसं दिसेल, हे प्रेमला विचारायचं राहून गेलं.

२९ ऑक्टोबर

हे आले! बाजाराच्या निमित्ताने. आधी कळवलं असतं तर शाल नीट विस्कटून ठेवली असती.

खांद्यावर सोयाबीनचं कट्टं, दारात उभे. मी म्हटलं, "अहो, तिथे नका ठेवू, गालिचा आहे."

"मंग कुठी ठेवू?"

"पण आणलं कशाला?"

"आज भाव नाही. राहू दे अठी, पुढच्या बाजाराले नेईन."

भिंतीला टेकवून ठेवलं. मग मी त्यांना सगळं घर दाखवलं. दिवे लावून दाखवले, बंद करून दाखवले, पुन्हा लावले. ते सोफ्यापाशी थांबले तेव्हा मी सांगितलं की याची कव्हरं धुणं म्हणजे महासंकट आहे, मी स्वतःसुद्धा जपून बसते.

"पांढरा काऊन घेतला मंग?"

सौंदर्यदृष्टी नाही माणसाला. उभ्याउभ्याच पाणी प्यायले, गर्डरकडे बघून "मजबूत हाय" म्हणाले आणि निघाले. कायम घाईत असतात.

४ नोव्हेंबर

दिवाळीला वडनेरला जाऊन आले. फराळ, पूजा, नातवंडांचे फटाके, सगळं झालं. निघताना हे बस स्टँडपर्यंत सोबत आले. मला वाटत होतं, आता म्हणतील, थांब. किंवा म्हणतील, मीच येतो. आम्ही बसच्या वेळेवर बोललो. मग कापसाच्या ओलीवर बोललो. एरवी कधी वेळेवर न येणारी बस आज अगदी वेळेवर आली.

२० नोव्हेंबर

सोयाबीन अजून तिथेच आहे. आज त्याच्या शेजारी फवारणीचा पंप येऊन बसला. "वडनेरले पोट्टे हात लावतात त्याले." वरून एका पिशवीत यांचे दोन जुने सदरे, "धुवाले टाकजो कधी," आणि बीपीच्या गोळ्यांची डबी ते विसरूनच गेले. मी फोन केला, तुमच्या गोळ्या इथेच राहिल्या. म्हणाले, "राहू दे. दुसरी डबी हाय." विसरभोळेपणा फार वाढला आहे. वयच झालं, दुसरं काय!

पंपाला औषधाचा वास येतो. मी त्यावर प्रेमने पाठवलेली मोठी वेताची टोपली उलटी घातली. आता तो एखादं शिल्प झाकल्यासारखा दिसतो.

५ डिसेंबर

प्रेमचा सल्ला, टेबलावर दोन कप ठेव. दोन कप असले की घरात गप्पा चालतात असं वाटतं.

ठेवले. दुपारी सायरा वर आली. चार उशा शिवायला दिल्या होत्या, त्या घेऊन. टेबलाकडे बघून म्हणाली, "कौन आलं होतं मॅडम?"

"कुणी नाही."

"मंग दोन कप?"

मी तिला खरं सांगितलं. ती इतकी हसली की खुर्चीचा आधार घेऊन बसली आणि म्हणाली, "लाव मंग चहा, दुसऱ्यात मी पिते." सायरा इथे येऊन बिनधास्त पाय वर घेऊन बसते. मला फार बरं वाटतं. हे का कधी असे बसत नाहीत? मी घरासाठी एवढं करते आहे, कौतुकाचा एक शब्द नाही.

१८ डिसेंबर

हद्द झाली. आज बाज आणली! सुताच्या नवारीची, चांगली सहा फुटी, ऑटोवर आडवी बांधून. बाजेवर यांची सोलापुरी चादर आणि वर रेडिओ.

मी जिन्यातच अडवलं. "हे काय भंगाराचं दुकान आहे का?"

"नवार ढिली झाली. अठी कोणी ताणून देते काय पाहा लागन."

"वडनेरात कुणी नाही ताणून देणारा?"

"नाही," म्हणाले. वडनेरात नवार ताणणारे तीन तरी असतील, मला माहीत आहेत. त्यांनी बाज खिडकीखाली लावली, जिथून रेल्वे दिसते तिथे. नेमक्या माझ्या झाडांच्या कुंड्यांच्या जागी. बाजेच्या पायावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. एक मालगाडी गेली. तिचे डबे गेले संपून, तरी उभेच.

मी म्हटलं, "काही पाहिजे का?"

"नाही. काई नाही." आणि गेले.

५ जानेवारी

मोठी बातमी. प्रेमच्या ऑफिसची माणसं फोटो काढायला येणार. त्यांच्या पेजवर आपलं घर! व्हिडिओ कॉलवर प्रेमने सगळीकडे फिरून बघितलं आणि बाज, पंप, कट्टं, सदरे पाहून कपाळाला हात लावला. "आई, बाबांचा हा पसारा काढ ना. नुसता क्लटर आहे."

मी टेम्पो बोलावला. सगळं भरलं, रेडिओ चादरीत गुंडाळून. टेम्पोवाल्याला सांगितलं, वडनेरला आमच्या घरी अंगणात उतरव, म्हणावं बाईंनी पाठवलं.

घर पुन्हा सुंदर झालं. कुंड्या खिडकीत आल्या. संध्याकाळी सगळे दिवे लावून मी मधोमध उभी राहिले. इतकी मोकळी जागा! प्रेम म्हणतो ते खरं, जागेला श्वास घेता आला पाहिजे. जेवण मात्र गेलं नाही. दुपारचे पोहे अंगावर आले असणार.

१२ जानेवारी

फोटो झाले. मुलगा मोठा गुणी, पुण्याचा, सारखा म्हणे, "काकू, तुम्ही थोडं बाजूला व्हा." शेवटी मी जिन्यावर जाऊन बसले. शाल त्याने स्वतः टाकली. कप त्याने ठेवले, एकाच्या काठाला थोडा चहा लावला, ओठ लागल्यासारखा. बघतच राहिले मी, काय कला एकेकाची!

निघताना कॅमेरा बॅगेत भरत विचारलं त्याने, "मस्त झालंय काकू. मग इथे राहायला कधी येणार?"

मी म्हटलं, बघू.

२८ जानेवारी

तीन बाजार गेले, हे आले नाहीत. फोन केला. "तूर काढून राह्यलो. कामात हाय."

"सामान पोचलं ना?"

"हाव."

"बाज?"

"हाव."

हाव, हाव, हाव. माणसाने चिडावं, ओरडावं. यांना ओरडताही येत नाही. प्रेमच्या पेजवर आपल्या घराचे फोटो आले, खाली लिहिलं आहे, 'आईचं उबदार घर'. खूप लोकांना आवडले. फोटोत मी कुठेच नाही, पण घर खरंच राहतं वाटतं.

६ फेब्रुवारी

आज दूध घेऊन येत होते, सायराने दुकानातून हाक मारली. "मॅडम, साहेब येत नाहीत आजकल?"

"कामात आहेत."

"एक बात बोलू का? बुरा मत मानो." ती टाके घालत होती, मान वर न करता बोलली. "बाजाराच्या दिवशी ते सकाळी सकाळीच यायचे. आमच्या बाकड्यावर बसायचे. चार चार घंटे. वाहेदसोबत बात करायचे, कापूस कसा, पाऊस कसा. दुपारी मंग वर यायचे, आणि लगेच खाली."

मला कळेना. चार घंटे खाली, आणि वर मला उभ्याउभ्या पाणी?

"दसऱ्याले पण आले होते," सायरा म्हणाली. "नवा सदरा, टोपी. इथीच बसले. वरून लोकं खाली येत होते, त्यायले रामराम करत होते. वाहेद बोलला, चला भाऊ, वर चला, तुमचंच घर. तर म्हणे, मले कुठी आवतण हाय?"

मी हसले. "अगं, घरच्या माणसाला कुणी आवतण देतं का?"

सायराने सुई थांबवली. "तुम्ही त सगळ्यायले सांगत होत्या मॅडम, माझं घर, माझं घर. मंग ते घरचे कसे?"

वर आले. दूध गॅसवर ठेवलं आणि ते उतू गेलं तरी उठले नाही. सदरे. गोळ्या. रेडिओ. माय वं! तो माणूस एकेक वस्तू आणून राहायला येत होता. आणि म्या काय केलं, तर त्याचं बिऱ्हाड टेम्पोत घालून अंगणात उतरवून दिलं. भाऊरावांच्या, कोकिळेच्या, सगळ्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. लोकांच्या लेकरांना समजावून घेण्यात जन्म गेला माझा, आणि नवरा समजला नाही. फार रडले. रडून झाल्यावर सवयीने शाल विस्कटली. मग तिनेच नाक पुसलं.

९ फेब्रुवारी

वडनेरला गेले. पिशवीत कुंकवाचा करंडा आणि अक्षता. आपल्याच घरी, आपल्याच नवऱ्याला आवतण द्यायला चाललेली बाई मी तरी आजवर पाहिली नाही. बसमध्ये दोनदा वाटलं, उतरून परत जावं.

हे अंगणात त्याच बाजेवर, शेजारी भाऊराव. मी थेट जाऊन करंडा काढला. भाऊराव म्हणाले, "कायचं आवतण व वहिनी?"

"घरभरणीचं."

"ते त दसऱ्याले झाली ना!"

"ते भिंतीयची झाली भाऊजी. माणसायची राह्यली."

दारात कोकिळेने तोंडाला पदर लावला. हे कुंकवाकडे बघत होते. मग अगदी परक्या घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "एकट्याचं हाय, का चूलबंद?"

चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरातली चूल पेटवायची नाही, घरातल्या एकूण एक माणसाने आवतण देणाऱ्याकडेच जेवायचं. आणि आमच्या घरात भाऊराव, कोकिळा, त्यांची मुलं, सुना, नातवंडं. ज्या गर्दीतून मी पळून गोदामात गेले, ती सगळी गर्दी. मला ते बरोबर माहीत होतं आणि त्यांनाही. डोळ्यांत बघून विचारत होते.

"चूलबंद," मी म्हटलं.

मग टिळा लावला. अर्धं कुंकू त्यांच्या नाकावर गेलं. भाऊराव मोठ्याने हसले. हे हसले नाहीत, पुसलंही नाही.

"येसान ना?" मी विचारलं.

"पाहातो."

"पाहातो म्हणजे काय?"

"आवतण घेतलं तुहं. आता घाई काऊन?"

१६ फेब्रुवारी

आले. टेम्पोभर आले. हे सर्वांत मागून, टोपी, धुतलेला सदरा, हातात नारळ. परक्यासारखा नारळ माझ्या हातात दिला.

पातोडीचा रस्सा, भाकरी, भात, शिरा. सायरा आणि वाहेदभाईही वर आले. पंगत गालिच्यावरच बसली. कोकिळेने आल्या आल्या विचारलं, "प्लास्टर कधी करता बाई?" आणि मी म्हटलं, "तूच सांग, कधी करू?" भाऊराव बीन बॅगवर बसले आणि जेवणही तिथेच मागवलं. नातवंडांनी लोखंडी जिन्याची घसरगुंडी केली. सोफ्यावर रश्शाचा एक मोठा डाग पडला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ओरडायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आणखी घ्या रस्सा."

हे मात्र पंगतीत वाढायला फिरत होते. कुणाला भाकरी, कुणाला पाणी. स्वतः शेवटी जेवले, मोरीपाशी, पाटाच्या कडेला टेकून. मी वाढत होते तोवर त्यांचं जेवण झालंही होतं.

मग जायची गडबड. चपला, पिशव्या, रडणारी पोरं, सगळं एकामागून एक खाली उतरलं. हेही चप्पल शोधायला लागले. मी आठवडाभर मनात वाक्यं तयार केली होती. चुकलं माझं, असं एक होतं. सामान परत आणा, असं एक होतं. पाठांतरात मी कधी नापास झाले नाही, पण त्यांनी चपलेत पाय घातला आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं.

मी म्हटलं, "तुम्ही बसा."

ते वळले. "काय?"

"बसा म्हटलं."

मग म्हणाले, "इतक्या खेपा आलो अठी. आज पह्यल्यांदा म्हटलं तू."

मी म्हणणार होते, असं कसं होईल! मी तर सगळ्यांना म्हणते. हिंमतरावांना म्हटलं, सायराला म्हणते, फोटो काढणाऱ्या त्या पोरालाही म्हटलं होतं. एकेक करून यांच्या खेपा आठवल्या. कट्टं कुठे ठेवू नका ते सांगितलं होतं, सोफा किती नाजूक आहे ते सांगितलं होतं. लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग बसा ना आता," मी म्हटलं.

"किती येळ?"

खालून भाऊरावांनी हाक मारली, "दादा, निंगते का?" हे माझ्याकडेच बघत होते, एक पाय चपलेत, एक बाहेर. मी खिडकीशी गेले आणि शाळेच्या मैदानावर द्यायची तसली हाक दिली, "तुम्ही निंगा भाऊजी! ते नाही येत!" अख्ख्या स्टेशन रोडने ऐकलं असेल. टेम्पो सुरू झाला.

मी मागे वळले. हे सोफ्यावर बसले होते, डाग टाळून, अगदी काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर, साहेबांच्या ऑफिसात बसतात तसे. मी शेजारी जाऊन बसले, डागावरच, आणि म्हटलं, "टेकून बसा नीट."